साप साप म्हणून भुई न धोपटणारं सेशन : सर्पजागृती कार्यक्रमाचा रिव्ह्यू (५ पैकी ४ स्टार)

आधीच सांगून टाकते, मी सापप्रेमी वगैरे अजिबात नाही. टीव्हीवर साप दिसला की चॅनल बदलणारी, शाळेत विज्ञानाच्या पुस्तकातलं सापाचं पान डिंक लावून शेजारच्या पानाला चिकटवून टाकलेली मी, त्यामुळे हा रिव्ह्यू एका पक्क्या घाबरट बाईचा आहे हे लक्षात ठेवूनच वाचा. तसंही असले कार्यक्रम आमच्यासारख्यांसाठीच असतात ना, ज्यांना साप आवडतात त्यांना कशाला हवंय प्रबोधन (ते येतातच म्हणा, पहिल्या रांगेत बसतात आणि शास्त्रीय नावं फेकत राहतात).

तर सर्व्हिस अशी, दोन तासांचं सर्पजागृती सेशन. एक मॅडम आणि त्यांच्याबरोबर एक पोरगा, दोघंही सापांचे रेस्क्यू कॉल घेतात आणि सोसायटी, शाळा, ऑफिस, जिथे बोलावतील तिथे जाऊन बोलतात. आमच्या इथे मीटरच्या खोलीत पट्ट्यापट्ट्यांचं लांबडं निघालं, मण्यार मण्यार म्हणून आरडाओरडा झाला, चारपाच जणांनी काठ्यांनी मारलं आणि मेल्यावर फोटो पाठवला तेव्हा कळलं की तो कवड्या होता, बिनविषारी. मग ग्रुपवर तीन दिवस भांडण. अर्धे म्हणतायत बिचाऱ्याला उगाच मारलं, अर्धे म्हणतायत तुमच्या बाथरूममध्ये निघाला असता तर विचारलं असतं, शेवटी सेक्रेटरीकाका वैतागून म्हणाले कुणालातरी बोलवा आणि काय ते एकदाचं समजून घ्या.

मी जायलाच तयार नव्हते, कारण आधीचा एक अनुभव. काही वर्षांपूर्वी मुलाच्या शिबिरात असाच कार्यक्रम होता, कुणाचा ते सांगत नाही, पण तो माणूस आला तोच पिशवीतून साप काढत. गळ्यात घातला, गालाला लावला, मुलांच्या हातात दिला, एका आईला चक्कर आली तर माईकवरून हसला, आणि दर दोन वाक्यांनी एकच, घाबरायचं नाही, घाबरतो तो भित्रा. टाळ्या कडकडून पडल्या, खोटं कशाला बोलू. पण घरी आल्यावर माझ्या मुलाने झाडूच्या काठीला वाकडी तार बांधली आणि बागेत साप शोधायला निघाला. दीड तासात पोरगा एवढंच शिकला होता की साप हातात धरतो तो हिरो. आणि मी शिकले की मी भित्री आहे, जे मला आधीपासून माहीत होतं.

या वेळी मॅडमनी सुरुवातच अशी केली की मी जरा सैलावले. म्हणाल्या, आज इथे जिवंत साप नाहीये, पिशवीत नाही, गाडीत पण नाही, आणि फोटो दाखवायच्या आधी दर वेळी मी सांगणार, ज्यांना बघायचं नाही त्यांनी खाली बघा, दार उघडंच राहील, बाहेर जाऊन परत आलात तरी कुणी काही बोलणार नाही. दाराजवळच्या खुर्च्या सगळ्यात आधी भरल्या होत्या ते त्यांनी येतायेताच बघितलं असणार.

मग थेट भीतीवरच आल्या आणि हा भाग मला सगळ्यात जास्त पटला. त्यांचं म्हणणं, साप नजरेत पटकन भरतो हे आपल्यात उपजतच असावं, पण घाबरायचं मात्र आपण बरंचसं दुसऱ्याकडे बघून शिकतो. प्रयोगशाळेत वाढलेली माकडं, जन्मात साप न बघितलेली, त्यांना सापाचं काही वाटत नव्हतं, मग दुसरं माकड सापाला बघून घाबरतंय असा व्हिडिओ दाखवला तर लगेच घाबरायला लागली. आणि गंमत अशी की व्हिडिओ एडिट करून माकड फुलाला घाबरतंय असं दाखवलं तर फुलाची भीती काही बसली नाही. १९८९ चा प्रयोग हा. दुसरा २००९ चा, तान्ह्या बाळांवरचा. सापाचे आणि दुसऱ्या प्राण्यांचे व्हिडिओ नुसते लावले तर बाळं दोन्हीकडे सारखीच बघतात, पण सोबत घाबरलेल्या माणसाचा आवाज वाजवला की सापाकडे जास्त वेळ बघत राहतात. मॅडम म्हणाल्या, साप दिसल्यावर पोरांसमोर तुम्ही जी किंचाळी मारता ना, तेच त्यांचं पहिलं सर्पजागृती सेशन, माझा नंबर फार नंतर लागतो. मी नवऱ्याकडे बघितलं नाही पण त्याने माझ्याकडे बघितलं.

दोन तासांत "घाबरू नका" हे वाक्य एकदाही आलं नाही, मी मोजत होते. त्याऐवजी काय यायचं तर, घाबरलात तरी चालेल, फक्त दोन पावलं मागे या आणि सापावरची नजर काढू नका. म्हणजे मनाला काही सांगितलंच नाही, पायांना आणि डोळ्यांना काम दिलं. घाबरलेल्या माणसाला हेच जमतं हो, भीती बंद करायचं बटण असतं तर मी कधीच दाबलं असतं.

आणि मग दोर. पोराने दीड मीटरचा एक जाड दोर जमिनीवर वेडावाकडा टाकला आणि म्हणाला, हा साप समजा, तुम्हाला जिथे सुरक्षित वाटतं तिथे जाऊन उभे राहा. मी जवळजवळ पार्किंगमध्ये पोचले. सेक्रेटरीकाका मात्र मर्दासारखे दोराच्या अगदी डोक्याशी. मग त्याने दोराची घडी घालून तो अर्धा केला आणि सांगितलं की बहुतेक साप झेप घेतात ती साधारण अंगाच्या अर्ध्या लांबीएवढी, काही थोडी जास्त घेतात पण हवेत उडून कुणी येत नाही, त्यामुळे मागे पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या ताई उगाच लांब गेल्यात आणि काका चावून घ्यायला उभे आहेत. खडूने रेघ मारली ती मात्र तीन मीटरवर, कारण घाबरल्यावर अंदाज चुकतो. काठी घेऊन मारायला जाणारा किंवा शेपटी धरून व्हिडिओ काढणारा नेमका त्या घडी केलेल्या दोराच्या आत येतो, हे सांगायला त्याला एकही भाषण द्यावं लागलं नाही. ती खडूची रेघ अजून डोळ्यासमोर आहे माझ्या, बाकी निम्मं विसरले असेन.

आकडे सांगितले पण आधी नाही, मध्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात वर्षाला सुमारे ५४ लाख लोकांना साप चावतो, १८ ते २७ लाखांना विषबाधा होते, ८१ हजार ते १ लाख ३८ हजार माणसं मरतात आणि त्याच्या साधारण तिप्पट लोकांचे हातपाय कापावे लागतात किंवा कायमचं अपंगत्व येतं. २०१७ मध्ये सर्पदंश अधिकृतपणे दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतला आणि २०३० पर्यंत मृत्यू आणि अपंगत्व निम्म्यावर आणायचं ठरलंय. हे सगळं सापांची बाजू घेणाऱ्या बाईने स्वतःच्या तोंडाने सांगितलं म्हणून तिच्या बाकीच्या गोष्टींवर माझा विश्वास बसला. इतर वेळी काय होतं, साप किती गरीब किती निरुपद्रवी असं सुरू करतात आणि ज्याच्या घरातलं माणूस गेलंय तो तिथेच कान बंद करतो.

आमच्यात होत्या तशा एक आजी. मध्येच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, माझा भाऊ गेला सापाने, मला नका सांगू साप चांगला असतो. हॉल एकदम गप्प. मला वाटलं आता मॅडम टक्केवारी काढणार. त्यांनी रिमोट खाली ठेवला आणि विचारलं, कधीची गोष्ट आजी, कुठे चावला होता. आजी सांगत राहिल्या, रात्री जमिनीवर झोपला होता, कुणाला कळलंच नाही, पहाटे बोलता येईना, पापण्या उघडेनात. पाचेक मिनिटं त्याच बोलल्या, मॅडम मध्ये काही बोलल्या नाहीत. मग एवढंच म्हणाल्या की ही लक्षणं मण्यारीच्या विषाची असू शकतात, ती रात्री फिरते, चावलेलं फार दुखत नाही, सूजही नसते, म्हणून घरच्यांना कळत नाही, तुमची चूक नव्हती. आणि मग तिथूनच मच्छरदाणीवर आल्या, गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी सापालाही अडवते, नेपाळच्या तराईत झालेल्या अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना साप चावण्याचं प्रमाण बरंच कमी आढळलं होतं. आजींना साप आवडायला लागला असं काही झालं नाही हां, पण नंतर त्यांनीच विचारलं की टॉर्च कुठला घ्यावा.

गैरसमजांचा भाग एकदम फास्ट आणि मजेदार. पद्धत चांगली होती, आधी खरं काय ते सांगायचं आणि खोटं नंतर, ओझरतं. साप डूख धरतो का? चेहरा लक्षात ठेवून सूड उगवायला येणारा साप नसतो, डूख धरणं हा माणसांचा प्रांत, आमच्या सोसायटीच्या मीटिंगला या दाखवते. साप दूध पितो का, तर ही समजूत इतकी दूरवर पसरलीये की अमेरिकेत एका सापाचं नावच मिल्क स्नेक पडलंय, गोठ्यात दिसायचा तो उंदरांसाठी आणि लोकांना वाटायचं गाईचं दूध पितो. साप बहिरा असतो का, तर बाहेरून कान नाहीत पण जमिनीतली कंपनं कळतात आणि हवेतून येणारे खालच्या पट्टीतले आवाजही ऐकू येतात, म्हणजे बहिरा म्हणणारे शहाणे पण पूर्ण बरोबर नाहीत. पाठलाग करतो का, नाही, त्याला बिळाकडे जायचं असतं आणि तुम्ही मध्ये उभे असता.

ओळखायच्या युक्त्यांवर मात्र त्या चिडल्याच. त्रिकोणी डोकं म्हणजे विषारी, हे आपण सगळेच ऐकून आहोत. नागाचं डोकं त्रिकोणी नसतं, मण्यारीचंही नाही, आणि कितीतरी बिनविषारी साप घाबरले की डोकं चपटं करून त्रिकोणी दाखवतात, म्हणजे नियम दोन्हीकडून मार खातो. डोळ्याची बाहुली उभी की गोल हे बघा म्हणतात, नागाची गोल असते, आणि मुळात बाहुली दिसेल इतकं जवळ जाणारा माणूस त्या खडूच्या रेघेच्या केव्हाच आत आला. अमेरिकेत कोरल स्नेकसाठी रंगांच्या पट्ट्यांचं एक गाणं शिकवतात, लाल पट्ट्याला पिवळा लागला तर धोका वगैरे, ते दक्षिण अमेरिकेत चालत नाही, तिथल्या कोरल स्नेकमध्ये पट्टे वेगळ्याच क्रमाने येतात. कवड्या आणि मण्यारीचंही तसंच, कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात, मण्यारीचं उलटं, पण मीटरच्या खोलीत अंधारात हे कोण बघणार. म्हणून त्यांचा सल्ला, ओळखायचा प्रयत्नच करू नका, लांबून फोटो जमला तर काढा, पोरं आणि कुत्री आत घ्या, सापावर लांबून नजर ठेवा आणि फोन करा. पहिल्या रांगेतले तज्ज्ञ जरा हिरमुसले. जगात सापांच्या ४ हजारांच्या वर जाती, विषारी सुमारे ६००, माणसाच्या जिवाला खरा धोका असणाऱ्या २०० च्या आसपास, हे त्या पोराने दिलासा म्हणून सांगितलं तेव्हा मागून एक जण म्हणाला, पण माझ्यासमोरचा त्या २०० मधला आहे का ते मला कसं कळणार? बरोबर आहे की त्याचं. हा आकडा सेशनमधून काढून टाका, घाबरलेल्याला टक्केवारीने झोप लागत नाही.

उपयुक्तता सांगण्यातही हीच गडबड. साप उंदीर खातो म्हणून शेतकऱ्याचा मित्र, हे ऐकून ऐकून आमचे कान किटलेत, लगेच कुणीतरी म्हणालंच, मग मांजर पाळू. त्यापेक्षा मॅडमनी विचारलं ते भारी, इथे बीपीची गोळी कोण घेतं? निम्मे हात वर. ब्राझीलच्या जराराका नावाच्या सापाच्या विषातल्या घटकावरून कॅप्टोप्रिल हे औषध तयार झालं, १९८१ मध्ये वापरात आलं आणि पुढच्या त्या जातीच्या कितीतरी गोळ्या त्याच वाटेने आल्या. काका हात खाली घेईनात.

लोकांचं मन वळतं का, तर दोन किस्से सांगितले. अमेरिकेतल्या लेक इरीच्या बेटांवर एक पाणसाप आहे, बिनविषारी पण चावरा, लोक दिसला की ठेचायचे, इतका कमी झाला की १९९९ मध्ये संरक्षित यादीत टाकावा लागला. तिथे एक संशोधक बाई वर्षानुवर्षं लोकांमध्येच राहून बोलत राहिली, लोक तिला स्नेक लेडीच म्हणायला लागले, आणि त्यात तळ्यात बाहेरून घुसलेला गोबी नावाचा उपद्रवी मासा हा साप चापून खातो हे दिसलं, त्याच्या खाण्यात ९० टक्क्यांहून जास्त तोच. २०११ मध्ये साप यादीतून बाहेर. कॅरिबियन बेटांपैकी अँटिग्वाचे रेसर नावाचे साप तर १९९५ मध्ये जेमतेम ५० उरले होते, बेटांवरचे उंदीर काढले, तिथल्या लोकांना सोबत घेतलं, आता हजाराच्या वर गेलेत. दोन्हीकडे एका भाषणाने काही झालं नाही, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. प्रामाणिक बाई आहे, स्वतःच्याच धंद्यावर पाणी.

हाच प्रामाणिकपणा एकदा अंगाशी आला. कुणीतरी विचारलं, पकडलेला साप लांब जंगलात सोडता ना? त्या म्हणाल्या, नाही, शक्यतो जवळच, कारण अनोळखी जागी नेलेला साप बिळं आणि भक्ष्य शोधत भटकत राहतो आणि मरतो, १९९९ मध्ये अमेरिकेतल्या टिंबर रॅटलस्नेक या विषारी सापावर झालेल्या अभ्यासात असे हलवलेले साप तिथल्या सापांपेक्षा कितीतरी जास्त मेले. झालं, हॉलमध्ये कल्ला. जवळच म्हणजे किती जवळ? आमच्याच मागे? गोष्ट खरी असेल पण ती शेवटच्या वीस मिनिटांत अशी टाकायची नव्हती. जागा साफ ठेवली, अडगळ आणि उंदीर कमी केले तर साप थांबतच नाही, हे त्याच्या आधी यायला हवं होतं, नंतर आलं तेव्हा कुणी ऐकत नव्हतं.

प्रथमोपचार करूनच घेतले, हे बेस्ट. एकाला चटईवर आडवं केलं आणि म्हणाले, याला पायाला साप चावलाय, करा काय करायचं ते. क्षणात तिघांनी रुमाल काढून आवळून बांधायला घेतला, एक जण ब्लेड शोधत होता. सगळे नापास. आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, बर्फ नाही, अंगठी बांगड्या घड्याळ पैंजण काढायचं, चावलेला भाग न हलवता ठेवायचा, माणसाला चालवायचं नाही, आणि जिथे सापाची लस म्हणजे प्रतिविष आहे अशा हॉस्पिटलला न्यायचं, सापाच्या मागे कुणी धावायचं नाही. विषारी साप कधीकधी चावतो पण विष सोडत नाही, आणि चावणाऱ्यांत बिनविषारी तर पुष्कळच, म्हणून उतारा देणाऱ्यांचा उतारा लागू पडल्यासारखा दिसतो. हे ऐकल्यावर माझ्या शेजारचे काका बराच वेळ काहीच बोलले नाहीत.

शेवटी टेबलावर कात ठेवली होती, ज्याला हवं त्याने यावं. तेव्हा लक्षात आलं की सगळा क्रमच जिन्यासारखा लावला होता, दोर, मग पेन्सिलचं चित्र, मग फोटो, मग व्हिडिओ, मग कात. सापाची फोबिया असलेल्यांवर १९६९ मध्ये अल्बर्ट बांदुरा या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग केले होते, आधी दुसऱ्याला करताना बघायचं आणि मग त्याच्या सोबतीने एकेक पायरी स्वतः चढायची, हा उपाय नुसतं बघण्यापेक्षा जास्त चालला होता. मी एका बोटाने लावला हात. कोरडी निघाली, पातळ प्लास्टिकच्या पिशवीसारखी, मी उगाच बुळबुळीत धरून चालले होते. फोटो मात्र अकरापैकी तीनच बघितले.

एक स्टार कापला तो माईकसाठी, मागच्या लोकांना निम्मं ऐकूच गेलं नाही, आणि त्या पोरासाठी, दोराचा खेळ सोडला तर बाकी वेळ न्यूरोटॉक्सिक हिमोटॉक्सिक करत बसला होता. आणि पत्रक! एवढं सगळं ओळखू नका ओळखू नका म्हणून झाल्यावर हातात काय दिलं तर सोळा सापांचे नखाएवढे फोटो आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात रेस्क्यूचा नंबर. उलटं पाहिजे ना. बोलावणार असाल तर लहान मुलांचं सेशन वेगळं ठेवायला सांगा, आमच्याकडे पोरं दोराशीच खेळत बसली, आणि दोन तासांचे अडीच धरा. पत्रक आम्ही मीटरच्या खोलीच्या दाराला लावलंय, फोटो आत दुमडून, आणि नंबर मी जाड मार्करने वर परत लिहिलाय.